भुताच्या गोष्टीला कुठले नियम लागतात?

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या ग्रुपने कोकणातल्या एका बंद घराची गोष्ट खेळायला घेतली, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकेका पात्राच्या तोंडून रचायला. नियम नेहमीचेच, तलवारी आणि जादूवाले, कारण तेच सगळ्यांना पाठ होते. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, वातावरण झकास उभं केलं. विहिरीवरचा रहाट आपोआप फिरतोय, रिकाम्या माजघरातून जात्याची घरघर येतेय. मग पडवीत ती बाई दिसली. क्षणभर सगळे गप्प, आणि आमच्यातला एक जण म्हणाला, "हिचे हिट पॉइंट किती असतील रे?" म्हणजे किती मार खाल्ल्यावर ही मरेल? अर्ध्या तासात बाईचा निकाल लागला आणि आम्ही वडापाव आणायला खाली उतरलो.

त्या मित्राला तेव्हा आम्ही खूप बोललो, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या पुढ्यातल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, मारायच्या डझनभर तऱ्हा लिहिल्या होत्या. घाबरण्यासाठी एकही रकाना नव्हता.

रोल-प्लेइंगच्या या खेळात नवे लोक हमखास विचारतात, "अमुक जॉनरला कुठली सिस्टिम घेऊ?" म्हणजे कुठल्या कथाप्रकाराला कुठली नियमावली? या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि भयकथा व शोधकथा या जोडीत तो जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच. म्हणून तेवढीच वाट धरतो.

सुरुवात अर्थातच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून. १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो खेळ बाहेर काढला. पहिली छपाई हजार प्रतींची. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' आला होता. ते शिशाच्या छोट्या शिपायांना टेबलावर लढवायचे नियम होते, आणि शेवटी ड्रॅगन-जादूगारांची पुरवणी जोडलेली. आर्नेसनला आरमारी लढायांच्या खेळांचाही नाद होता. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, किती मार खाल्ल्यावर बुडेल याचा हिशेब ठेवावा लागतो. तोच हिशेब त्याने माणसाला लावला आणि हिट पॉइंट जन्माला आले. म्हणजे आमच्या पडवीतल्या बाईची मोजदाद मुळात एका जहाजाची होती!

दुसरा हिशेब सोन्याचा. सुरुवातीच्या त्या नियमांत भुयारातून वर आणलेलं एक सोन्याचं नाणं म्हणजे अनुभवाचा एक पॉइंट. अनुभव वाढला की पातळी वाढते, पातळी वाढली की हिट पॉइंट वाढतात, मग आणखी खोल भुयारात उतरायचं. खेळाडूंना 'लोभी व्हा' असं कुणी सांगितलं नव्हतं. जे मोजलं जात होतं त्याच्या मागे ते गेले, इतकंच. भीतीच्या दृष्टीने हे चक्र उलटं आहे. भयकथेत माणूस पानागणिक दुबळा होत जातो, इथे तो पानागणिक बलदंड होतो.

पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या जॉनरचे खेळ भराभर आले. १९७५ मध्ये 'बूट हिल' हा काउबॉयचा खेळ, १९७७ मध्ये मार्क मिलरचा अंतराळातला 'ट्रॅव्हलर'. या ट्रॅव्हलरमध्ये पात्र तयार करता करताच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच, ते मरू शकत असे. लोक आजही हसून हे सांगतात, पण पातळ्यांची शिडी नसली तरी खेळ चालतो हे त्यातूनच लोकांना कळलं.

आपल्या वाटेवरचा महत्त्वाचा थांबा म्हणजे १९७८ चा 'रूनक्वेस्ट'. स्टीव्ह पेरिन आणि मंडळींनी तो ग्रेग स्टॅफर्डच्या केऑसियम या कॅलिफोर्नियातल्या कंपनीसाठी लिहिला. जग प्राचीन, देवदेवतांचं. पण हिशेब साधा: प्रत्येक कौशल्यापुढे टक्के, शंभरात फासे टाका, त्याच्या आत आलं की जमलं. जे वापराल त्यासमोर खूण करायची आणि गोष्टीच्या शेवटी ते सुधारलं का ते बघायचं. योद्धा, जादूगार असे वर्ग नाहीत, त्यामुळे पात्र प्राध्यापकही असू शकतं आणि पेपरवालाही. १९८० मध्ये केऑसियमने या नियमांचा गाभा 'बेसिक रोल-प्लेइंग' नावाच्या अवघ्या १६ पानी पुस्तिकेत वेगळा काढला. कुठल्याही गोष्टीला लावता येईल असा सांगाडा, ही त्यामागची कल्पना. सहा वर्षांनी स्टीव्ह जॅक्सनच्या 'गर्प्स'ने हाच दावा फार मोठ्या आवाजात केला: एकच नियमावली घ्या, सगळे जॉनर खेळा. तो वाद अजून मिटलेला नाही.

सँडी पीटरसन हा रूनक्वेस्टचा चाहता. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या भयकथांचं जग रूनक्वेस्टला जोडावं असा प्रस्ताव त्याने केऑसियमकडे पाठवला. त्यातून १९८१ मध्ये 'कॉल ऑफ कथुलू' आला. सांगाडा तोच टक्केवारीचा, काळ १९२० च्या दशकातला, पात्रं ग्रंथपाल, डॉक्टर, वार्ताहर अशी. पण शीटवर एक नवा आकडा होता: सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल. पात्राच्या मनोबळाच्या आकड्याची पाचपट ही सुरुवात. भयंकर काही दिसलं की त्यावर फासे टाकायचे आणि हा आकडा खाली येत जातो. प्रत्येक राक्षसापुढे तिरक्या रेघेने वेगळे केलेले दोन आकडे असतात. डाव्या बाजूला रोल, म्हणजे फाशांची फेक, जमला तर होणारं नुकसान, उजवीकडे फसला तर होणारं. प्रेतं खाणाऱ्या घूलसाठी ते शून्य किंवा एक ते सहा. खुद्द कथुलू या महाराक्षसासाठी एक ते दहा, किंवा एक ते शंभर. मारामारीत जिंकण्याचा प्रश्नच नाही. नुसतं बघणंच महाग आहे.

त्यातल्या दोन बारकाव्यांवर मी फिदा आहे. पहिला: कथुलूसारख्या प्राचीन शक्तींबद्दलचं ज्ञान हेही एक कौशल्य आहे, आणि ते जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली उतरते. जास्त कळलेला माणूस पुरता बरा होऊच शकत नाही. दुसरा: एका फटक्यात पाच किंवा अधिक सॅनिटी गेली की बुद्धीवर रोल करायचा, आणि तो जमला तर वेड लागतं. फसला तर तुम्ही वाचलात, कारण काय पाहिलं ते तुम्हाला नीट उमगलंच नाही. लव्हक्राफ्टच्या कथांचं अख्खं तत्त्वज्ञान दोन ओळींच्या नियमात बसवलंय. टेबलावर हे घडतं तेव्हा बघावं: खेळाडू चांगला रोल पडल्यावर आनंदाने उसळतो आणि मग हळूहळू त्याचा चेहरा पडतो.

तरी शोधकथेचा अर्धा भाग लंगडाच राहिला. समजा, पुढची दिशा दाखवणारं पत्र टेबलाच्या खणात आहे आणि लपलेली वस्तू हेरण्याचं कौशल्य सगळ्यांचं मूळचंच, २५ टक्के. चौघांनी फासे टाकले तरी चौघेही फसण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के. असे तीन दुवे एकापाठोपाठ लागणारच असतील, तर गोष्ट शेवटापर्यंत पोचण्याची शक्यता तेवढीच, ३२ टक्के. उरलेल्या वेळी खेळ चालवणारा घाम पुसत म्हणतो, "बरं, परत एकदा टाका." मुरलेल्या लोकांनी यावर तोडगे काढले होते: एकाच निष्कर्षाकडे नेणारे तीन-तीन दुवे पेरायचे, ज्यावाचून अडेल ते फाशांवर सोडायचंच नाही. पण हे शहाणपण चालवणाऱ्याच्या डोक्यात होतं, नियमांत नव्हतं.

मधल्या काळात एक प्रयोग झाला. २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली आणि तिचा गाभा खुल्या परवान्याखाली कुणालाही वापरायला मिळाला. मग काय, जो तो उठून आपलं जग त्या वीस बाजूंच्या फाशावर बसवू लागला. २००२ मध्ये माँटी कुक आणि जॉन टाइन्स यांनी त्याच नियमांवर कॉल ऑफ कथुलूची आवृत्ती लिहिली. पुस्तक म्हणून ते देखणं आहे. मात्र त्यातला प्राध्यापक अनुभव मिळवून वरच्या पातळीवर चढतो आणि त्याचे हिट पॉइंट वाढतात. जहाजाचा हिशेब परत आला. खेळाची रंगत नियमांवरच ठरते, असं ठासून सांगणारा रॉन एडवर्ड्स या खेळ रचणाऱ्याचा निबंध त्याच सुमाराचा, आणि छोटे प्रकाशक तो गाठीशी बांधून कामाला लागले होते.

दुवे फाशांवर अडण्याची ती गाठ सोडवली रॉबिन लॉजने, २००७ च्या 'द एसोटेररिस्ट्स'मध्ये. या नियमांना 'गमशू' म्हणतात. त्याचं म्हणणं असं की शोधकथेत मजा दुवा सापडण्यात नसते, सापडलेल्या दुव्याचा अर्थ लावण्यात असते. म्हणून योग्य ठिकाणी योग्य कौशल्याचं पात्र गेलं आणि त्याने शोध घेतला, की मुख्य दुवा मिळतोच. फासा नाही. आणखी खोलात जायचं तर त्या कौशल्याचे पॉइंट खर्च करायचे. फासे पळापळ आणि झटापटीसाठी राखून ठेवलेले. पुढच्याच वर्षी केनेथ हाइटने ही पद्धत लव्हक्राफ्टच्या जगाला लावली.

'ब्रिंडलवुड बे' याच्याही पुढे गेला. जेसन कॉर्डोव्हाच्या या खेळात कादंबऱ्या वाचणाऱ्या म्हाताऱ्या बायका खुनांचा छडा लावतात, पण खुनी कोण हे आधी ठरलेलंच नसतं. खेळाडू जमलेल्या दुव्यांतून सिद्धान्त मांडतात आणि तो खरा निघाला का हे फासे सांगतात. मला पहिल्यांदा ही चक्क फसवणूक वाटली. लहानपणापासून रहस्यकथा वाचलेल्या माणसाला उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं असावं असं वाटतंच. पण खेळताना टेबलावरचा वाद इतका रंगला की तक्रार करायचं राहून गेलं.

निव्वळ भीतीसाठी मात्र मी अजून 'ड्रेड'चं नाव घेतो. २००५ चा खेळ, फासेच नाहीत. मध्ये लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा; काही अवघड करायचं तर एक ठोकळा ओढून वर ठेवायचा, आणि मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचं पात्र गेलं. आकड्यांच्या शीटऐवजी प्रश्न असतात, 'तू भावाला शेवटचं खोटं काय सांगितलंस?' अशा थाटाचे. रात्री अकरा वाजता, पंखा बंद करून (वाऱ्याने मनोरा हलतो), सात जण श्वास रोखून एका बोटाकडे बघतायत, हे दृश्य कुठल्याही आकड्याने उभं राहत नाही. उणीव एकच, मनोरा रचण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढतो.

कोकणातल्या घराची ती गोष्ट आम्ही यंदा पुन्हा काढली. टक्केवारीचा सांगाडा घेतला, पण सॅनिटी जशीच्या तशी बसेना. लव्हक्राफ्टच्या विश्वाला माणसाशी देणंघेणं नाही. आपल्याकडचं भूत बहुतेकदा नाराज असतं. त्याला काहीतरी हवं असतं, कुणाचा तरी नवस राहिलेला असतो, राखणदाराचा मान चुकलेला असतो, आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की ते ऐकतंही. म्हणून आम्ही शीटवर 'देणं' असा रकाना केला. अडचणीत नवस बोललात तर फसलेला रोल सुटतो, बाकीच्यांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं, आणि देणं वाढतं. फेडेपर्यंत तो आकडा खाली येत नाही.

बाई पुन्हा पडवीत आली. त्याच मित्राने शीटकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हिचं आपल्याकडे काय राहिलंय?" त्या रात्री त्याने तीन नवस बोलले. देणं अकरावर गेलंय, आणि पुढचं सेशन अजून ठरत नाहीये.