भग्नावशेषांच्या छायाचित्रांवरून विमानप्रकाराची ओळख

अपघातानंतर विखुरलेल्या तुकड्यांची छायाचित्रे पाहून विमान कोणत्या प्रकारचे होते हे ठरविण्याची पद्धत. वेगाने आदळून पेटलेल्या विमानाचा मूळ आकार सहसा उरत नाही; त्यामुळे जाड व उष्णता सोसणारे भाग, म्हणजे इंजिनातील चकत्या, निकास-नळी आणि चाकांचे पाय, पत्र्यापेक्षा अधिक बोलके ठरतात.

नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी स्थापन झाला. तेथे मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाल्याने उदाहरणासाठी हीच सोयीची. मिग-२१ चे नाक म्हणजे मधोमध शंकू असलेले गोल हवामुख. मिग-२७ चा पंख खिळीवर फिरणारा, त्यामुळे त्या खिळीचा एक तुकडाही पुरतो. सुखोईला दोन इंजिने, त्यांची निकास-नळी हलणारी आणि मुख्य पंखांपुढे छोटे कॅनार्ड पंख. दोन हवाईछत्र्या उतरताना दिसल्या म्हणून एकआसनी मिग वगळता येते. मिगच्या प्रशिक्षण आवृत्त्या मात्र दोन आसनांच्याच असतात, हे विसरण्याची गफलत वारंवार होते. तारीखही पुरावा असते. निफाड तालुक्यात २७ जून २०१८ रोजी वावी ठुशी येथे आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगाव येथे पडलेली दोन्ही विमाने सुखोई होती; पैकी दुसऱ्या वेळी मिग-२७ चा विचारच संभवत नव्हता, कारण ते २०१९ च्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाले होते.

प्रमाण हा कच्चा दुवा. द्राक्षबागेतील पत्र्याशेजारी कोणाचा बूट दिसला तर रिव्हेटांमधले अंतर अंदाजता येते. एरवी मोबाइलच्या रुंद भिंगात जवळचा तुकडा फुगलेला दिसतो.

आकारापेक्षा अंक भरवशाचे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २९ जुलै २०१५ रोजी सापडलेल्या फ्लॅपरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या भागाच्या, छायाचित्रांत ६५७बीबी ही खूण वाचता आली आणि ती बोइंग ७७७ मधील त्या भागाच्या जागेशी जुळली. यावरून प्रकार कळला, विमान नव्हे. तो भाग २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच३७० या विमानाचाच असल्याची खात्री ३ सप्टेंबर रोजी, स्पेनमधील निर्मात्याच्या नोंदींशी आतील क्रमांक ताडून पाहिल्यावर झाली; तो क्रमांक छायाचित्रात दिसण्यासारखा नव्हता, भागाच्या आत डोकवावे लागले.