ठगी

ठगी : वाटसरूंच्या सोबतीला लागून, त्यांचा विश्वास मिळवून, सोयीच्या जागी गळा आवळून खून करायचा, प्रेते पुरायची आणि लूट वाटून घ्यायची, अशी टोळीने चालणारी वाटमारीची पद्धत. ती करणारे ते ठग. अंतर्वेदी (गंगा–यमुनांमधला प्रदेश), बुंदेलखंड, माळवा, खानदेश, वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख या पट्ट्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८४० च्या सुमारापर्यंत तिचे पुरावे दाट आहेत. त्याआधीचे विरळ आणि वादग्रस्त आहेत. ठगांविषयी आज जे सांगितले जाते त्यातील बहुतेक भाग ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम हेन्री स्लीमन (१७८८–१८५६) याच्या कचेरीत माफीच्या साक्षीदारांनी दिलेल्या जबान्यांतून आला आहे. फाशी टाळण्यासाठी बोलणाऱ्या माणसांचे हे बोलणे आहे, हे पुढचा मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

शब्द : संस्कृत ‘स्थग्’ (झाकणे, लपवणे) या धातूपासून प्राकृतातून ‘ठग’ आला, ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. मराठीत ठग, ठक, ठकवणे, ठकसेन हे शब्द फसवणुकीचे आहेत. ‘ठकास महाठक’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे खून येत नाही. उत्तरेकडेही मूळ अर्थ हाच होता. ‘गळा आवळून मारणारा’ हा नेमका अर्थ कंपनीच्या कागदपत्रांत १८१० च्या सुमारास रूढ होऊ लागला. दक्षिणेत अशा मारेकऱ्यांना फांसीगार म्हणत. मद्रासकडील डॉक्टर रिचर्ड शेरवुड याने १८१६ मध्ये लिहिलेला लेख फांसीगारांवरच आहे. दोन्ही नावे एकाच जमातीची, असे स्लीमनने पुढे ठरवून टाकले. तसे मानायला आधार आहे, पण दोन्हींकडची रीत तंतोतंत एक नव्हती.

उत्पत्ती : या प्रश्नावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी ठगांच्या बळींवर झालेली नाही. स्लीमनची स्वतःची कल्पना फार लांबची होती. इराणचा बादशहा झर्क्सीझ याच्या सैन्यात सागार्ती नावाचे आठ हजार घोडेस्वार होते व ते चामड्याचा फास टाकून शत्रूला ओढत, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. ठग त्यांचेच वंशज असावेत, असे स्लीमनला वाटे. फास सोडला तर या दोहोंना जोडणारा दुवा नाही, आणि आज हे मत कोणी धरत नाही.

चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनीचा उल्लेख अधिक भरवशाचा मानला जातो. जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत (१२९०–९६) दिल्लीत हजारभर ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांतील एकालाही मारू न देता सर्वांना नावांत घालून बंगालमधील लखनौतीकडे सोडून दिले, असे तो लिहितो. तिकडच्या नदीवरच्या ठगांचे मूळ काही जण या घटनेत शोधतात. मात्र बरनीचे ठग गळा आवळत होते, असे बरनी कुठेही म्हणत नाही. ते शहरातले भामटे असण्याचाही तितकाच संभव आहे. कबिराच्या नावावर चालत आलेल्या एका पदात माया ही हाती त्रिगुणांचा फास घेऊन हिंडणारी महाठगिनी आहे. ठग आणि फास यांची जोडी लोकांच्या बोलण्यात जुनी होती, इतके त्यावरून म्हणता येते. पण पदाचा काळ सांगणे कठीण असल्याने कालनिर्णयाला त्याचा उपयोग नाही. सतराव्या शतकात तेवनो हा फ्रेंच प्रवासी दिल्ली–आग्रा रस्त्यावरच्या फास टाकणाऱ्या लुटारूंचे वर्णन करतो. गळा आवळण्याची रीत त्या काळी त्या रस्त्यावर होती, हे मानायला हरकत नाही. तेच लोक पुढचे ठग, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

ठगांची स्वतःची परंपरा निराळी. आपली मूळ सात मुसलमान कुळे (बहलीम, भैंस, भुरसोत, काचुनी, हटार, गानू, तुंदल) दिल्लीत नांदत होती, तेथून बादशहाच्या रोषामुळे पांगली व मागाहून हिंदू कुळे येऊन मिळाली, असे ते सांगत. शेजारीच दुसरी कथा : रक्तबीजाशी लढताना देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले, त्यांना रुमाल दिला, आणि रक्त न सांडता दैत्य मारण्याचे काम झाल्यावर तोच रुमाल त्यांच्या वंशाला चरितार्थासाठी दिला. पूर्वी प्रेतांची विल्हेवाट देवी स्वतः लावी; एका नवशिक्याने मागे वळून पाहिले, म्हणून ते बंद झाले आणि कुदळ हाती आली. मुसलमान ठगही ही कथा बिनदिक्कत सांगत आणि भवानीला मानत. वेरूळच्या लेण्यांत आमचा सगळा धंदा, फूस लावण्यापासून पुरण्यापर्यंत, कोरलेला आहे, असे त्यांच्यातले काही शपथेवर सांगत. वेरूळच्या शिल्पांचे विषय पुराणांतले आहेत. या साक्षीतून लेण्यांविषयी काही कळत नाही. आपला धंदा देवाच्या घरचा आहे ही ठगांची समजूत तेवढी कळते.

रीत आणि बोली : पावसाळा सरला, रस्ते कोरडे झाले की टोळ्या निघत आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परतत. उरलेले महिने हेच लोक गावात शेती करीत, जमीनदाराला सारा भरीत. जमीनदाराला त्यांचा धंदा ठाऊक असे व त्यात त्याचा वाटाही असे. चंबळ–यमुनेच्या घळींतील सिंदौस परगणा अशा आश्रयाचे ठळक उदाहरण होय. रजेवर घरी निघालेले कंपनीचे शिपाई, सावकारांची रोकड नेणारे हरकारे आणि लहान व्यापारी हे मुख्य बळी. शिपायांनी रोख रक्कम जवळ न बाळगता हुंडी घ्यावी, असा इशारा लष्कराने १८१० मध्येच दिला होता.

आपसात ते रमासी नावाची सांकेतिक बोली वापरत. वाटसरू म्हणजे ‘बनिज’, म्हणजे माल. त्याला गोड बोलून सोबतीला लावणारा ‘सोथा’, गळा आवळणारा ‘भुरतोट’, हात धरणारा ‘शमसिया’, खड्डा खणणारा ‘लुघा’. जागा हेरून ठेवलेली असे, ती ‘बेल’. ठरलेल्या इशाऱ्याला ‘झिरणी’ म्हणत. तो इतका साधा असे की ऐकणाऱ्याला संशय येऊ नये : ‘तमाखू घ्या.’ काम उरकल्यावर गुळाचा प्रसाद वाटत, ती ‘तुपोनी’. अनोळखी ठग भेटला तर ‘औले भाई, राम राम’ या अभिवादनावरून ओळख पटे. शकुनांचे शास्त्र तर बोलीइतकेच विस्तृत होते. डावीकडचा शकुन ‘पिल्हाऊ’, उजवीकडचा ‘थिबाऊ’, आणि निघताना दोन्ही योग्य क्रमाने लाभले नाहीत तर मोहीम लांबवीत.

रुमाल हेच एकमेव हत्यार, ही लोकप्रिय समजूत टिकत नाही. इटावा जिल्ह्यात १८०९–१० च्या सुमारास विहिरींतून निघालेल्या अनेक प्रेतांवर शस्त्राचे वार होते. तीच गोष्ट नियमांची. स्त्रिया, फकीर, भाट, नाचगाणे करणारे, धोबी, तेली, भरलेल्या घड्यांनिशी निघालेले गंगाजळाचे कावडवाले यांना मारू नये, असा दंडक सर्व साक्षीदार सांगतात. आणि तो कुठे कुठे मोडला हेही तेच सांगतात. उत्तरेचे ठग दक्षिणेकडच्यांना दोष देत, दक्षिणेकडचे उत्तरेच्यांना.

तपास : पहिले धागे मद्रास इलाख्यातील चित्तूर आणि उत्तरेतील इटावा येथे सापडले. इटाव्याचा मॅजिस्ट्रेट टॉमस पेरी याला विहिरींत प्रेते मिळत, पण मेलेला कोण हे सांगणारा कोणी नसे. बळी परगावचा, घरचे लोक शेकडो कोसांवर, आणि परतायला उशीर का झाला हे त्यांना महिनोन्‌महिने कळत नसे. ठगीचे खरे संरक्षण रुमालात नव्हते, या अंतरात होते. १८१० मध्ये एका पोरसवदा ठगाने पेरीपुढे तोंड उघडले. पण निव्वळ साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देण्यास तेव्हाची न्यायालये तयार नव्हती, आणि खटले ढासळले.

सावकारांचा मार्ग वेगळा होता. माळव्यातील अफूच्या खरेदीसाठी मुंबईहून इंदूरकडे रोकड जाई आणि ती खानदेशात किंवा नर्मदेच्या घाटांवर नाहीशी होई. उमरावतीचे धनराज शेठ यांच्या गुमास्त्याने पकडलेल्या ठगांकडून आपला पैसा उकळण्यावरच समाधान मानल्याचे दाखले स्लीमनने दिले आहेत. त्याचा त्याला राग होता. सावकाराच्या बाजूने पाहिले तर खुनी फासावर गेल्याने तिजोरी भरत नव्हती.

चित्र बदलले ते १८२९–३१ मध्ये. माळव्यात कॅप्टन बोर्थविकने एक मोठी टोळी पकडली, गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या सरकारने दखल घेतली, आणि सागर–नर्मदा प्रांतात एफ. सी. स्मिथ न्यायनिवाड्याला व स्लीमन तपासाला, अशी विभागणी झाली. स्लीमनने केलेली नवी गोष्ट सांगायला सोपी व करायला जिकिरीची होती : त्याने कागद एकमेकांना जोडले. फुटलेल्या प्रत्येक ठगाकडून मोहीमवार जबानी घ्यायची, कोणत्या साली, कोणत्या नाक्यावर, किती माणसे, टोळीत कोण कोण. दुसऱ्या तुरुंगातल्या, पहिल्याशी भेट न झालेल्या साक्षीदाराची जबानी तिच्याशी ताडायची. ठगांच्या वंशावळ्या तयार करायच्या, खुनाच्या जागा नकाशावर मांडायच्या, आणि नजीब (अनियमित पायदळातील) शिपायांबरोबर साक्षीदारांनाच रस्त्यावर सोडून ओळखीचे चेहरे धरायचे. नव्याने पकडलेल्याला अनेकांच्या ओळीत उभे करून साक्षीदाराकडून ओळखवून घेत. ओळख परेड या नावाने पुढे पोलिसांच्या रोजच्या कामात आलेली ही पद्धत येथे पद्धतशीरपणे वापरलेली दिसते.

नरसिंगपूरला असताना (१८२२–२४) आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर ठगांची वस्ती होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट स्लीमनच्या मनाला लागून राहिली होती. फिरंगिया या ठगांच्या जमादाराने (टोळीच्या म्होरक्याने) सांगितल्यावरही त्याने ती लगेच खरी मानली नाही. फिरंगिया ब्राह्मण होता. त्याची आई, बायको व मूल अटकेत ठेवून त्याला जाळ्यात ओढण्यात आले, आणि १८३० च्या अखेरीस तो हाती लागला. पुढे सागरजवळ सलोहदा येथे स्लीमनचा तळ एका आमराईत पडला असता फिरंगियाने तंबूंच्याच जागा दाखवल्या. खणल्यावर निजण्याच्या तंबूच्या दोरांमध्ये १८१८ साली मारलेला एक पंडित आणि त्याची सहा माणसे निघाली. घोडे बांधले होते तेथे १८२४ चा एक हवालदार व चार शिपाई. तंबूच्या आत, जमिनीखाली, गंगाजळाचे चार ब्राह्मण कावडवाले व एक बाई. वर सांगितलेल्या दंडकाचे काय होत असे, ते या शेवटच्या खड्ड्यावरून कळते. आणखी जागा दाखवू का, असे फिरंगियाने विचारले. स्लीमन तेवढ्यावर थांबला. पण जबानीला जमिनीतून दुजोरा मिळतो, हे त्या दिवशी ठरले.

कायदा : १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा झाला. मग टोळी कंपनीच्या हद्दीतली असो की बाहेरची, कायद्यापूर्वीची असो की नंतरची. शिक्षा जन्मठेप व सक्तमजुरी. कोणत्याही जिल्ह्यात खटला चालवण्याची मुभा मिळाली आणि काजीच्या फतव्याची (मुसलमानी कायद्याप्रमाणे दिलेल्या मताची) अट गेली. विशिष्ट खून सिद्ध करण्याचे ओझे यामुळे उतरले, आणि येथेच तपासाची सर्वांत कमकुवत बाजूही आहे : एका साक्षीदाराने ‘हा आमच्यातला’ म्हटले की सुटका अवघड. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जणांचा निकाल लागला. ४१२ फासावर गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, बाकीचे काळ्या पाण्यावर किंवा तुरुंगात. साक्षीदारांनाही मोकळे सोडले नाही. जबलपूरला त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली, तेथे तंबू आणि गालिचे विणले जात.

बळींची संख्या सांगणारे आकडे सावधपणे घ्यावेत. अवधचा ठग बहराम याच्या नावावर ९३१ खून लावले जातात. कंपनीचा अधिकारी जेम्स पॅटन याने टिपलेल्या त्याच्या जबानीत मात्र तो इतक्या खुनांच्या वेळी हजर होता, एवढेच आहे. स्वतःच्या हातांनी सुमारे १२५ जणांचा गळा आवळल्याचे तो म्हणतो. तेही पुरेसे आहे.

मतमतांतरे : ठगी हा भवानीचा नरबळीचा पंथ, हे स्लीमनचे मत त्याच्या घराण्यातील लेखकांनी आणि १८३९ च्या मेडोज टेलरच्या कादंबरीने घरोघर पोचवले. १९५० नंतर त्याला उत्तर आले. हिरालाल गुप्तांनी ठगीचा जोर कंपनीच्या राज्यविस्तारातून आलेल्या बेकारीशी जोडला, स्टुअर्ट गॉर्डनने ठगांना मराठी राज्यांच्या पडत्या काळातील स्थानिक लुटारूंत बसवले. ठग ही सर्वस्वी वसाहतवादी कल्पना, इथपर्यंत काही जण गेले. किम वॅग्नरने (२००७) पेरीच्या काळातील, म्हणजे स्लीमनपूर्व, कागद तपासून मधला मार्ग घेतला : टोळ्या होत्या, खून होत होते, देवीची पूजाही होती, पण देवीसाठी खून होत नव्हते. उपलब्ध पुराव्याला हेच मत अधिक जुळते. शस्त्र हाती धरणारा कोणीही, दरोडेखोर काय किंवा शिलेदार काय, मोहिमेआधी देवीला कौल लावीतच असे.

उत्तरकाल : १८३५ मध्ये ठगीसाठी स्थापन झालेल्या खात्याकडे पुढे दरोडेखोरी आली. धतुरा घालून लुटणारे आणि आईबापांना मारून मुले विकणारे मेघपुन्ना यांनाही ठगच ठरवले गेले. हे खाते १९०४ मध्ये मोडून त्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, हा स्लीमनच्या वंशावळींतला विचार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अनेक निरपराध समाजांच्या माथी बसला. तो कायदा गेला आणि १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. भारतीय दंड संहितेत ‘ठग’ची व्याख्या कलम ३१० मध्ये व शिक्षा ३११ मध्ये होती. त्या व्याख्येत खुनासह लुटीबरोबर मुले पळवणेही आहे, ते बहुधा मेघपुन्नांमुळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही कलमे घेतलेली नाहीत.