जंगली प्राण्यांचे जंत अभ्यासायचेत? सातारा-सांगलीत परवानगीचा अर्ज असा करा

दर वर्षी कॉलेज सुरू झालं की एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात. पाटण-शिराळा भागातली असतात. गवा, भेकर, रानडुक्कर त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या पोटातल्या जंतांवर काम करायचं म्हणतात. विषय चांगला आहे. मग हमखास एक प्रश्न येतो, "सर, शेणाला पण परवानगी लागते का?" लागते. अभयारण्यात तर शेणाच्या आधी तुम्हाला आत पाय ठेवायलाच लागते.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे प्राण्याकडून तुम्ही नेमकं घेणार काय. जमिनीवर पडलेली विष्ठा, मेलेल्या प्राण्याची आतडी की जिवंत प्राणी पकडून घेतलेला नमुना? या तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. माझा पहिला अर्ज "वन्यप्राण्यांतील कृमींचा अभ्यास" एवढ्या एका ओळीवर गेला आणि तसाच परत आला. चूक माझीच होती. कुठला प्राणी, कुठला नमुना, किती, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं.

विष्ठेचं काम त्यातल्या त्यात सोपं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या कलम २८ नुसार वन्यजीवांच्या अभ्यासासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मिळतो आणि राष्ट्रीय उद्यानालाही तेच कलम लागू होतं. परवाना देतात मुख्य वन्यजीव रक्षक, म्हणजे नागपूरचे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव). कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे, तिथे अर्जाची प्रत द्यायलाच हवी. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीसाठी त्या त्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांकडे जा. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला मी सागरेश्वर सुचवतो. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं, कुंपण घातलेलं अभयारण्य आहे आणि सांबर, चितळ, काळवीट असे चरणारे प्राणी एकाच ठिकाणी मिळतात.

जिवंत प्राणी पकडणं कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' ठरतं. संशोधनासाठी त्याला कलम १२ खाली मुभा आहे, पण प्राणी अनुसूची १ मधला (कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीतला) असेल तर केंद्र सरकारची आधी परवानगी हवी, बाकीच्यांसाठी राज्य सरकारची. गवा, बिबट्या, काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुक्कर दुसऱ्या. २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. जुन्या प्रबंधातून अनुसूची उतरवून काढलीत तर अर्जातच चूक जाईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याने या तिसऱ्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मधली वाट, म्हणजे मेलेल्या प्राण्याची आतडी, मात्र कुणी सोडू नये, आणि नेमकी तीच सगळे विसरतात. विष्ठेत सापडतात अंडी आणि अंड्यांवरून जंताची जात क्वचितच ठरते. गव्याच्या शेणात स्ट्राँगाइल गटाचं (गोल जंतांच्या एका गटाचं) अंडं दिसलं तर ते त्यातल्या हिमोंकस या जंताचं की ट्रायकोस्ट्राँगिलसचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. अळ्या वाढवाव्या लागतात किंवा डीएनए तपासावा लागतो. हिमोंकसचा नर हाती आला तर काम किती सोपं होतं बघा. शेपटीकडच्या पिसाऱ्यातला मधला पडदा एका बाजूला सरकलेला असतो आणि त्यात उलट्या वाय अक्षरासारखा काटा असतो. मादी तर नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते, कारण तिच्या स्वतःच्या, रक्ताने लाल झालेल्या आतड्याभोवती पांढऱ्या बीजकोशाचा पीळ असतो. पण असे प्रौढ जंत मिळतात ते शवविच्छेदनातच.

महामार्गावर गाडीच्या धडकेत बिबट्या मेला किंवा उसाच्या फडात मृत सापडला, तर शेत कुणाचंही असो, तो मृतदेह सरकारची मालमत्ता असतो. वनाधिकाऱ्यांसमोर पशुवैद्यक शवविच्छेदन करतात आणि नंतर त्याची विल्हेवाट लावतात. त्या वेळी तुमच्याकडे कागद नसेल तर कुणी तुम्हाला आतड्याचा तुकडासुद्धा देणार नाही, आणि देऊही नये. प्राणी मेल्यावर अर्ज करून उपयोग नाही. म्हणून मूळ अर्जातच एक परिच्छेद घाला, "परवान्याच्या मुदतीत होणाऱ्या शवविच्छेदनावेळी उपस्थित राहून कृमींचे नमुने घेण्यास अनुमती मिळावी." शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या परजीवीशास्त्राच्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक करून घेतलंत तर या परिच्छेदाला वजन येतं.

पात्रतेचं म्हणाल तर कलम २८ मध्ये कुठल्याही पदवीची अट नाही. व्यवहारात मात्र संस्थेच्या लेटरहेडशिवाय अर्ज पुढे सरकणं अवघड असतं. विभागप्रमुख किंवा प्राचार्यांमार्फतच पाठवा. सोबत संशोधन प्रस्ताव, मार्गदर्शकाचं संमतीपत्र, तुमचा बायोडेटा आणि ओळखपत्र, जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर, कामाच्या तारखा, वनपरिक्षेत्र आणि कक्ष (जंगलाचा नोंदलेला तुकडा) क्रमांक दाखवणारा नकाशा, आणि अहवाल देण्याचं व अटी पाळण्याचं हमीपत्र. मदतीला येणाऱ्या मित्राचं नाव राहिलं तर तो नाक्यावरच बसून राहतो.

प्रस्तावात पद्धत लिहिताना हात आखडता घेऊ नका. ताज्या शेणाच्या पोच्या मधोमधचा भाग घेणार, मातीला टेकलेला नाही, हे लिहा. मातीत मोकळे राहणारे सूत्रकृमी (गोल जंत) असतात, ते नमुन्यात शिरले की परजीवी म्हणून मोजले जातात. नमुन्याचे तीन भाग करणार हेही लिहा. एक अळ्या वाढवायला कशातही न बुडवता, एक १० टक्के फॉर्मलिनमध्ये, एक डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मलिनमधून नीट डीएनए निघत नाही. अळ्या वाढवायचा भाग फ्रीजमध्ये टाकू नका, गारठ्याने हिमोंकसची अंडी मरतात. पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) अंडी जड असल्याने, बाकीची अंडी वेगळी करायला वापरतात त्या मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत, त्यांच्यासाठी गाळ बसवण्याची पद्धत वापरायची. बाटलीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरून कोरा कागद हाती येतो, हे मी कोयनेजवळच्या हेळवाकहून आणलेल्या अकरा बाटल्या घालवून शिकलोय.

बिबट्या, कोल्हा, रानकुत्रा यांची विष्ठा हाताळणार असाल तर हातमोजे आणि मास्क यांचा उल्लेख हवाच. त्यात माणसाला बाधणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात, आणि ती ७० टक्के अल्कोहोलने खात्रीने मरत नाहीत. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवून मगच उघडणार, असं लिहा.

निकालाला काही महिने लागतील असं धरूनच चाला. परवाना हाती आला की लगेच जंगलात पळू नका. आधी त्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांना भेटून प्रत द्या. बरोबर वनरक्षक येणार असेल तर त्याच्या वेळेप्रमाणे जायचं. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी वेगळी लागते. वनखात्याचा कागद तिथे चालत नाही.

एखादी जात नवीनच निघाली तर जैवविविधता कायदा, २००२ मधल्या कलम ३९ नुसार ती कळवून तिचे नमुने अधिकृत संग्रहात जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी तो संग्रह भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा, आणि त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जमा केलेल्या बरणीचा नोंदणी क्रमांक मिळाला की तो वनखात्याला द्यायच्या अहवालात लिहा आणि मुदतवाढीच्या अर्जाला त्याच पानाची प्रत जोडा.