पाळी, माहेरपण आणि रेस्पाईट केअर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसाला चार दिवस मोकळे मिळावेत म्हणून तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणी रुग्णाला पाहायचं, ही रेस्पाईट केअर. शब्द परका आहे, सोय आपल्याकडे होती. आईवडील पाळीने एकेका भावाकडे राहायचे. मे महिन्यात सून माहेरी गेली की जाऊ बघायची. स्मृतिभ्रंशात मात्र ही पाळीच अंगाशी येते. घर बदललं की संडास कुठे, दिव्याचं बटण कुठे, काहीच उमगत नाही. रात्री दोनला कडी वाजते आणि दाराशी उभ्या आजी विचारतात, ‘आपल्या घरी कधी जायचं?’

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हे वयावर ढकलत आलो. आजार म्हणून त्याला देशात संघटित आवाज मिळाला १९९२ मध्ये, केरळात. डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीची संस्था सुरू केली. १९९८ मध्ये कोचीनच्या परिषदेत ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट जन्मला. नावातच तक्रार होती: ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, तिथलं संशोधन १० टक्क्यांहून कमी. ‘त्यांच्याकडे एकत्र कुटुंबं आहेत, निभावतील’ हा समज या गटाच्या अभ्यासाने खोडला. घर भरलेलं असलं तरी सांभाळणारीवरचा ताण पाश्चात्त्य देशांइतकाच निघाला. (सांभाळणारीच, बहुतेक बायकाच होत्या.)

मग गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर प्रयोग केला. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. रुग्णाला कुठे हलवलं नाही. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या, कोंकणी बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने साधारण पंधरवड्याने घरी जात. आजार समजावून सांगत, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत. एवढ्यानेही सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. मला हा प्रयोग मोठा वाटतो, कारण त्याला इमारत लागली नाही.

२०२३ च्या अंदाजानुसार देशात स्मृतिभ्रंश झालेले ८८ लाख ज्येष्ठ आहेत. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचं पालनपोषण मुलांवर टाकलं, जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद केली; सांभाळणाऱ्याच्या सुट्टीचा त्यात उल्लेख नाही. शिवाय अनेक वृद्धाश्रमांची अट असते, ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.’ उरते ब्युरोची मावशी. ती शहरात, पैसे मोजून मिळते, आणि गणपतीत तीही गावी जाते.