गाडीतला फ्रिज आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

मे महिन्यातल्या एका दुपारी सप्तशृंगीचे दर्शन घेऊन आम्ही एसटीने गडाच्या पायथ्याशी नांदुरीत उतरलो आणि सकाळी उभ्या केलेल्या आमच्या गाडीचे मागचे दार उघडले, तेव्हा आत ठेवलेला छोटा फ्रिज बंद पडलेला होता आणि त्याच्या पट्टीवर व्होल्टेज कमी असल्याची खूण लुकलुकत होती. फ्रिजमध्ये आईच्या इन्सुलिनच्या दोन न उघडलेल्या कुप्या होत्या. अशा कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते. फ्रिजसाठी मी गाडीत 100 ॲम्पिअर-तासांची, म्हणजे 5 ॲम्पिअर वीस तास पुरवू शकणारी, वेगळी बॅटरी बसवून घेतली होती, तीही नवी कोरी, म्हणून पहिला संशय तिच्यावरच गेला. मल्टिमीटर तिच्या टोकांना लावला, तर आकडा आला 12.4 व्होल्ट. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत याचा अर्थ ती जवळपास तीन-चतुर्थांश भरलेली आहे. मग फ्रिजला व्होल्ट कमी का पडावेत?

हाच मीटर फ्रिजच्या प्लगपाशी नेल्यावर उत्तर समोर आले. कॉम्प्रेसर बंद असताना तिथेही 12.4 व्होल्टच दिसत होते. फ्रिज पुन्हा चालू केला, कॉम्प्रेसरने घुरघुर सुरू केली आणि काही क्षणांत आकडा 10.7 वर घसरला. कॉम्प्रेसर थांबला आणि आकडा पुन्हा 12.4 झाला. बॅटरीच्या टोकांपाशी मात्र या सगळ्या काळात जेमतेम एक दशांश व्होल्टाचा फरक पडत होता. उरलेले दीड-पावणेदोन व्होल्ट बॅटरी आणि फ्रिज यांच्यामधल्या वायरीत आणि सैल सॉकेटमध्ये उष्णता होऊन खर्ची पडत होते.

गेओर्ग ओम याने 1827 मध्ये मांडलेला नियम शाळेत आपण सगळेच पाठ करतो, पण तो गाडीतल्या वायरीला लावून पाहण्याची वेळ क्वचित येते. ज्याने वायरिंग केले त्याने 0.75 चौरस मिलिमीटरची, म्हणजे गाडीतल्या छोट्या दिव्याला पुरेल एवढीच, वायर बोनेटपासून डिक्कीपर्यंत ओढली होती. अंतर पाच मीटर, पण वीज जाते आणि परतही येते, म्हणून हिशेबात दहा मीटर धरावे लागतात. एवढ्या तांब्याचा रोध सुमारे 0.23 ओहम भरतो. कॉम्प्रेसर 6 ॲम्पिअर घेत असेल, तर त्या वायरीतच 1.4 व्होल्ट जातात. घरातल्या 230 व्होल्टांमधून दीड व्होल्ट गेला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. बारामधून गेला तर फ्रिजला तो भुकेने मारतो. शिवाय या फ्रिजमधले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण कॉम्प्रेसरला ठरावीक शक्ती पुरवण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे व्होल्ट उतरले की ते अधिक ॲम्पिअर ओढते, आणि अधिक ॲम्पिअर ओढले की वायरीतली घट आणखी वाढते. बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून फ्रिजमध्ये जी खालची मर्यादा घातलेली असते, ती मग बॅटरी भरलेली असतानाच गाठली जाते. हीच वायर 6 चौरस मिलिमीटरची असती, तर घट 0.2 व्होल्टांच्या आतच राहिली असती. या दोन वायरींच्या किमतीत जो काही फरक पडतो, तो एका बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि तरीही ‘बॅटरी खराब आहे’ म्हणून बॅटरी बदलणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

दुसरी बॅटरी मुळात हवीच कशाला, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गाडीची मूळ बॅटरी सेल्फ मारण्यासाठी घडवलेली असते. सेल्फ मारताना स्टार्टर काहीशे ॲम्पिअर ओढतो, पण एक-दोन सेकंदच. 300 ॲम्पिअर दोन सेकंद म्हणजे एक ॲम्पिअर-तासाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. एका क्षणात इतका मोठा प्रवाह देता यावा म्हणून तिच्यात पातळ पातळ प्लेटा अनेक असतात. अशा बॅटरीतून फ्रिजसाठी तासन् तास हळूहळू वीज काढली, की प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते आणि बॅटरी तशीच उतरलेल्या अवस्थेत राहिली तर त्याचे स्फटिक घट्ट होऊन पुन्हा विरघळेनासे होतात. प्लेटांवरचा लेपही गळू लागतो. असे मोजक्या वेळा झाले तरी बॅटरीची ताकद कायमची जाते, आणि त्याआधीच एखाद्या पहाटे नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या किंवा सुरगाण्याच्या रस्त्यावर गाडीला धक्का मारायला माणसे शोधण्याची वेळ येते. खोल उपसा सोसणाऱ्या बॅटरीत प्लेटा जाड असतात. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची आहे. पण ती गाडीत ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तिच्यातले आम्ल द्रवरूप असते, ते हेलकावे खाते, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि बंद डिक्कीत तो साचायला अनुकूल जागा मिळते. गाडीच्या आत ठेवायची असेल तर सीलबंद एजीएम (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेले असते) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरीच घ्यावी.

शिसे-आम्ल बॅटरीवर लिहिलेले 100 ॲम्पिअर-तास साधारणपणे वीस तासांच्या उपशावर, म्हणजे 5 ॲम्पिअरवर मोजलेले असतात, आणि तिचे आयुष्य टिकवायचे असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे हाती उरतात 50. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये 80 ते 90 वापरता येतात, तेही सुमारे अर्ध्या वजनात.

आता फ्रिजला दिवसाला किती लागते ते पाहू, कारण बाकी सगळे निर्णय या एका आकड्यावर अवलंबून आहेत. कॉम्प्रेसरचा फ्रिज सतत चालत नाही. आतले तापमान वाढले की चालू होतो, उतरले की थांबतो. त्याला उपसावी लागते ती फक्त भिंतींमधून आत झिरपणारी उष्णता. चाळीस लिटरच्या पेटीला पाच सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या भिंती असतील, बाहेर 40 अंश आणि आत 5 अंश असतील, तर सुमारे 15 वॅट उष्णता सतत आत येत राहते. छोटा कॉम्प्रेसर एक वॅट विजेत एक ते दीड वॅट उष्णता बाहेर टाकतो असे धरले, तर सरासरी 12 वॅट वीज, म्हणजे दर तासाला 1 ॲम्पिअर-तास आणि दिवसाला पंचवीसच्या आसपास लागते. झाकण उघडझाक केली की यात भर पडते. गाडी बंद करून उन्हात उभी केली आणि आत 55 अंश झाले, की झिरपणारी उष्णता दीडपट होते आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही घटते, कारण त्याला उष्णता टाकायची असते ती त्याच तापलेल्या हवेत. मग तासाचा खर्च जवळपास दुप्पट होतो. नाशिकचा एप्रिल-मे यासाठी पुरेसा कठोर आहे. गाडी झाडाच्या सावलीत लावणे, काचा थोड्या खाली ठेवणे आणि फ्रिजच्या जाळीपुढे सामान न रचणे, या साध्या गोष्टींनी बॅटरीची जितकी बचत होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

या हिशेबात लोकांच्या लक्षात न येणारी आणखी एक मोठी बाब आहे. घरून निघताना नळाच्या 35 अंशांच्या पाण्याच्या दहा लिटर बाटल्या फ्रिजमध्ये भरल्या, तर ते पाणी 5 अंशांवर आणण्यासाठी सुमारे 350 वॅट-तास उष्णता काढावी लागते. विजेच्या भाषेत ते वीस-बावीस ॲम्पिअर-तास होतात, म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा खर्च. म्हणून आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज आणि त्यातल्या वस्तू गार करून घ्याव्यात. रस्त्यावर बॅटरीने थंडावा फक्त राखायचा असतो. सुरगाण्याकडून स्ट्रॉबेरी आणणाऱ्यांनाही हेच लागू पडते: दुपारच्या उन्हात तापलेली फळे थेट फ्रिजमध्ये कोंबण्याऐवजी पहाटे तोडलेली, मुळातच गार असलेली घ्यावीत.

बाजारात स्वस्त मिळणारी, कॉम्प्रेसर नसलेली पेटी पेल्तिए परिणामावर चालते. झाँ पेल्तिए याने 1834 मध्ये दाखवून दिले होते, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो. तत्त्व सुंदर आहे, पण ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकते आणि चार-पाच ॲम्पिअर अखंड घेत राहते. चाळीस अंशांच्या दुपारी तिच्यात इन्सुलिन ठेवणे धोक्याचे आहे.

उपसलेली वीज परत भरायची ती अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राने. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट स्थिर मिळत, त्यामुळे दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टाकला की काम भागे: व्होल्ट चढले की तो दोन्ही जोडतो, इंजिन बंद होऊन व्होल्ट उतरले की तोडतो, आणि फ्रिज मूळ बॅटरीला हात लावू शकत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाल्यावर आलेल्या अनेक गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्ट संगणक कमी-जास्त करतो. मूळ बॅटरी भरली की तो व्होल्ट उतरवतो, आणि कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चढवतो. अशा गाडीत नुसत्या रिलेवर दुसरी बॅटरी सहसा पूर्ण भरत नाही. तिथे डीसी-डीसी चार्जर लागतो, जो येणारे व्होल्ट कमी असोत वा जास्त, बॅटरीच्या जातीला हवे तेच पुढे देतो. वीस ॲम्पिअरच्या चार्जरने नाशिक ते सुरगाणा या साधारण दोन तासांच्या वाटेत लिथियम बॅटरीत चाळीसेक ॲम्पिअर-तास परत जातात. शिसे-आम्लचे तसे नाही. तिचा शेवटचा पाचवा हिस्सा फार संथपणे भरतो, म्हणून छोट्या फेऱ्या करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तिला घरच्या चार्जरवर रात्रभर लावावे.

फ्यूजबद्दलही एक गैरसमज आहे. फ्यूज फ्रिजच्या संरक्षणासाठी नसून वायरीच्या संरक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावरच हवा. दुसरी बॅटरी मागे असेल तर अल्टरनेटरकडून येणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. बोनेटच्या पत्र्यातून वायर आत येते तिथे रबरी कडे नसेल तर पत्रा इन्सुलेशन कापतो, आणि गाडीला आग लागण्याची ती नेहमीची जागा आहे. बोनेटखाली दुसरी बॅटरी ठेवण्याचाही मी सल्ला देत नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना ठोकताळा आपल्या उन्हाळ्यात फार लवकर खरा ठरतो.

नांदुरीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात समोर उभे राहून मी 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकून घेतली, लाल आणि काळी दोन्ही, कारण काळी वायर जवळच्या बोल्टला आवळून सोडून देणे हाही नेहमीचा घोळ आहे. टोकांना लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या धातूच्या कड्या, दाबून बसवले, सिगारेट लायटरचे सैल सॉकेट काढून स्क्रूने आवळणारे घातले. कॉम्प्रेसर चालू असताना प्लगपाशी आता 12.1 व्होल्ट मिळतात. त्या दिवशीच्या दोन्ही कुप्या मात्र टाकून द्याव्या लागल्या. नव्या कुप्या मी रुमालात गुंडाळून फ्रिजच्या मधोमध ठेवतो, थंड पत्र्याला टेकवून नाही, कारण इन्सुलिन एकदा गोठले की तेही निकामीच होते. आणि शेजारी एक साधा थर्मामीटर असतो, ज्यावरचा आकडा प्रत्येक थांब्यावर आई स्वतः वाचून मला सांगते.