तिशीतला म्हातारा आणि हजार वर्षांचा यक्ष

जुन्या काळातली अद्भुत कथा लिहायला घेतली की आपल्याकडच्या नव्या लेखकांच्या गोष्टीत एक म्हातारा हटकून येतो. पांढरी दाढी, हातात काठी, आणि वय वर्षं पस्तीस. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘त्या काळी आयुर्मानच तीस होतं ना!’

आकडा खरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातलं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान तर पंचविशीच्याही आत होतं. पण त्याच काळात आपल्या पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) अठ्ठ्याऐंशीच्या घरात पोचले आणि १८५८ साली जन्मलेले महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले. आणि याच शहरात १८८७ साली डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांचं बाळ त्याआधीच, अवघ्या दहा दिवसांचं असताना गेलं होतं. या बाळाचं वय आणि अण्णासाहेब कर्व्यांचं वय एकाच सरासरीत मिसळतं.

दहा मुलं जन्मली असं धरा. चार जण सरासरी एकेक वर्ष जगून गेली, उरलेली सहा पंचावन्नपर्यंत जगली. सरासरी येते सुमारे ३३. मात्र तेहेतिसाव्या वर्षी यांतलं कोणीच गेलेलं नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे ताम्रपाषाण काळातली, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरून काढली. राहत्या घरांच्या जमिनीखाली मातीचे दोन-दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले सापडले, आणि त्यांत लहानग्यांची हाडं. तिथल्या दफनांत मुलांचीच संख्या जास्त आहे. लेखकाने जुनं गाव उभं करताना हे आधी डोळ्यांसमोर आणावं.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या सूत्राकडे येतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्लिश विमागणितज्ञाने १८२५ साली दाखवलं की प्रौढ माणसाचा वर्षभरात मरण्याचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होत जातो. हा दुपटीचा काळ साधारण आठ वर्षांचा. तिशीत हजारात एक असेल, तर अडतिसाव्या वर्षी दोन, सेहेचाळिसाव्या वर्षी चार, सत्तरीत बत्तीस, शहाऐंशीव्या वर्षी १२८. म्हातारपण म्हणजे हीच चढण. १८६० साली विल्यम मेकहॅम यांनी तिच्यात वयाशी संबंध नसलेला दुसरा धोका मिळवला : देवी, पटकी, लढाई, साप, दुष्काळ.

जुन्या काळासाठी हा दुसरा धोका सोयीसाठी हजारात दहा धरू. तिशीतला धोका एकावरून अकरावर गेला, म्हणजे अकरापट झाला. शहाऐंशीव्या वर्षी तो १२८ वरून १३८ झाला, म्हणजे जेमतेम फरक. तरुण माणसं जास्त मरत होती, पण ती म्हातारी होऊन मरत नव्हती. चढण तीच, फक्त तिच्या पायथ्याशीच गर्दी गळत होती.

शरीराच्या खुणाही तेच सांगतात. चाळिशीचा चष्मा लागण्याचं वय तेव्हाही चाळिशीच होतं, फक्त चष्मा नव्हता. दात मात्र लवकर झिजत, कारण जात्यावरच्या पिठात दगडाची कच असे. उन्हाने कातडी रापे, ओझ्याने पाठ वाके. उलट वयात यायला उशीर लागे : एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपातल्या मुलींना पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येई.

‘शुद्ध हवापाण्यामुळे पूर्वज दीडशे वर्षं जगायचे’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांना काडीचाही आधार नाही. कागदपत्रांनिशी नोंदलेलं सर्वांत मोठं वय फ्रान्सच्या जान काल्माँ यांचं, १२२ वर्षं, आणि त्या गेल्या १९९७ साली. माणसातला दुपटीचा काळ लांबवणारी एकही गोळी किंवा रसायन आजवर सिद्ध झालेलं नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

आता तुमचा यक्ष घ्या. त्याला म्हातारपण नाही, म्हणजे दुपटीचा धोका शून्य. पण देवी आणि लढाया आहेतच, वर्षाला शंभरात एक. मग ६९ वर्षांत निम्मे यक्ष संपतात, आणि हजार वर्षं पाहणारा सुमारे तेवीस हजारांत एक निघतो. निम्म्यांनी तरी हजारी गाठावी असं वाटत असेल, तर धोका वर्षाला चौदाशेत एकापर्यंत उतरवावा लागेल. म्हणजे यक्षांना देवी होत नाहीत, ते लढत नाहीत, कड्यावर चढत नाहीत, यांपैकी बरंच काही कथेत आधीच ठरलेलं हवं. अशी जमात भित्री असेल, सावध असेल, एकेका जिवाचा जबर शोक करणारी असेल. ‘तो अमर होता’ या तीन शब्दांत हे भागत नाही.

जन्माचा हिशेबही सोबत लावा. शंभरात एक मरत असेल आणि लोकसंख्या स्थिर ठेवायची असेल, तर दोनशे यक्षांच्या वस्तीत वर्षाला दोनच बाळं जन्माला येतील. स्वातंत्र्यापूर्वीच्या आपल्याकडच्या जन्मदराने दोनशे माणसांच्या खेड्यात ती नऊ-दहा जन्मत.