प्रतिदीप्त शोधक रेणू (प्रथिनशोधन)

प्रथिनाशी जोडले गेल्यावर ज्यांच्या उत्सर्जित प्रकाशाची तीव्रता वा रंग बदलतो, अशा रेणूंच्या साहाय्याने प्रथिनांचे अस्तित्व व प्रमाण ठरविण्याची पद्धत. असा रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, उदा., फ्लुओरेसीन सु. ४९५ नॅनोमीटरला शोषण करते व सु. ५२० नॅनोमीटरला हिरवा प्रकाश देते.

प्रतिदीप्तीच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. मोनार्देस यांनी १५६५ मध्ये एका मेक्सिकन लाकडाच्या अर्कातील निळी झाक नोंदविली. हर्शेल यांनी १८४५ मध्ये क्विनीनच्या द्रावणात तीच पाहिली, पण ती केवळ पृष्ठभागाशी निगडित मानली. उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी बदललेली असते, हे स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखविले. केवळ निरीक्षणापेक्षा उलगड्याला महत्त्व दिल्यास स्टोक्स यांचा दावा अधिक सबळ ठरतो. बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन तयार केले, तर कून्स व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला (विशिष्ट परक्या पदार्थाशीच जोडले जाणारे शरीरातील प्रथिन) प्रतिदीप्त रेणू जोडून न्यूमोकॉकस जीवाणूंचे प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला जोडले जाते तो पदार्थ) ओळखले.

ॲनिलिनोनॅप्थलीन सल्फोनेट (ए.एन.एस.) हा शोधक पाण्यात जेमतेम चमकतो, मात्र अल्ब्युमिन या रक्तद्रवातील प्रथिनाशी बद्ध होताच त्याची दीप्ती अनेक पटींनी वाढते व उत्सर्जन सु. ५१५ वरून सु. ४७० नॅनोमीटरकडे सरकते. वेबर व लॉरेन्स यांनी १९५४ मध्ये हे वर्णिले. रेणू प्रथिनातील जलविरोधी कप्प्यांत शिरतो म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पुढे ए.एन.एस.मधील ऋणभारित सल्फोनेट गट प्रथिनातील लायसीन व आर्जिनीन या ॲमिनो अम्लांच्या धनभारित टोकांशीही बांधला जातो, असे मत पुढे आले. दोन्ही परिणाम एकत्र घडत असावेत. त्यामुळे केवळ दीप्ती वाढली म्हणून प्रथिनाचा जलविरोधी भाग उघडा पडला, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होय.

प्रथिनातील ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल स्वतःच प्रतिदीप्त असल्याने कधी कधी शोधकामुळे होणारे त्याचे शमनही (दीप्ती घटणे) मोजतात. मानवी रक्तद्रवातील अल्ब्युमिनमध्ये एकच ट्रिप्टोफॅन (साखळीतील क्र. २१४) असतो, गाईच्या अल्ब्युमिनमध्ये दोन, म्हणून एकावरील आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत. शमनाचे प्रमाण व शमन करणाऱ्या द्रव्याची संहती यांचा संबंध सांगणारे स्टर्न-फोल्मर समीकरण (१९१९) वापरण्यापूर्वी द्रावणानेच शोषलेल्या प्रकाशाची दुरुस्ती करावी लागते. शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषते याचे माप) सु. ०.१ पेक्षा जास्त असताना ती टाळल्यास नसलेले शमन दिसते, आणि बंधनस्थिरांकांचे (शोधक प्रथिनाला किती घट्ट जोडला जातो याचे माप) पुष्कळ फुगलेले आकडे याच चुकीतून आलेले असतात.

 सोलापूरसारख्या उष्ण शहराच्या हवामानात या मापनांना विशेष दक्षता लागते. तापमान वाढले की बहुतेक शोधकांची दीप्ती घटते आणि एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्यामुळे नमुनाधारकाचे तापमान स्थिर ठेवल्याशिवाय सकाळच्या व दुपारच्या नोंदींची तुलना करता येत नाही. दुसरी अडचण या चादरी-टॉवेलांच्या शहरात सहज ध्यानात यावी अशी आहे. कापडाला शुभ्रता देणारी स्टिलबीनवर्गीय द्रव्ये जंबुपार प्रकाशात निळी चमकतात. अशा कापडाने नमुना ठेवण्याची क्वार्ट्झची नळी पुसल्यास चिकटलेला धागा ए.एन.एस.च्या संकेतात मिसळतो, आणि ही नळी चारही बाजूंनी पारदर्शक असल्याने तो कोणत्याही बाजूला असला तरी बाधक ठरतो.

ए.एन.एस.सारखे शोधक प्रथिन आहे एवढेच सांगतात. मिश्रणातील नेमके कोणते, हे ठरविण्यास सहसा प्रतिपिंडाला जोडलेला शोधक लागतो.